त्र्यंबकरावांची टोपी

"मग, पदं कशी झालीत, बुवा?"

नरहरबुवांनी बशीतला चहा फुंकला, एक घोट घेतला आणि डोळे मिटून म्हणाले, "वा!"

हे चहाला होतं.

हेरंब जोगळेकरचा चेहरा पडला. बुवा चहाला वा म्हणत, लिंबाच्या लोणच्याला म्हणत. मागच्या गल्लीत कुणी नवी सतार जुळवत असला आणि तार नेमकी लागली, तर तिलाही घरबसल्या वा म्हणत. हेरंब त्यांच्या पायाशी बसून गाणं शिकला, त्यांच्याच नाटक मंडळीत वाढला, आता त्याचेही केस पिकले. पण ते एक अक्षर त्याच्या वाट्याला आजवर आलं नव्हतं.

ते मिळवायलाच तो मुंबईहून मिरजेला आला होता, हे कबूल करायची मात्र त्याची तयारी नव्हती. कामासाठी आलो, असं तो म्हणत होता.

काम होतंच. 'संगीत तिजवर' हे बुवांनी हयातभर गाजवलेलं विनोदी नाटक त्याने स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलं होतं. तिसऱ्यांदा बोहल्यावर चढायला निघालेला कंजूस म्हातारा त्र्यंबकराव, ही बुवांची भूमिका. यात ती हेरंबने केली होती. मंडळी केव्हाच मोडली होती, बुवांना आता भिंतीला धरल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं. नाटक यापुढे उरणार ते या ध्वनिमुद्रणातच. उद्या ते रेकॉर्ड कंपनीच्या हवाली करायचं होतं आणि त्याच्या सुरुवातीला बुवांच्या आवाजात आशीर्वादाचे दोन शब्द हवे होते.

"पदं ऐकली," बुवा म्हणाले. "तान स्वच्छ आहे. घासलेल्या तांब्यासारखी."

ही स्तुती की टोला, ते हेरंबला कळेना. त्याने स्तुती धरली. माणूस आपल्या सोयीचं तेच धरतो.

"स्वच्छ तर सगळंच आहे, बुवा. थिएटरात काय व्हायचं? खोकला, रडणारी पोरं, वन्स मोअरचा धिंगाणा. चार तासांचं नाटक सव्वा तासात बसवलंय. आपले जुने नट सवयीप्रमाणे वाक्य टाकून उगाच थांबत होते. मी स्वतः तंत्रज्ञाच्या शेजारी बसलो आणि ती सगळी रिकामी जागा कापून काढली. कचरा शिल्लक ठेवला नाही."

"कुठं टाकलास?"

"काय?"

"कचरा."

हेरंब हसला. बुवा हसले नाहीत.

"नाटक लाव," ते म्हणाले. "मुलगी बघायचा प्रवेश."

हेरंबने छोटा स्पीकर बुवांच्या उशाशी सरकवला. मुलीचा बाप त्र्यंबकरावांना विचारत होता, "दात शाबूत आहेत ना आपले?"

"सगळे!" हेरंबचा आवाज ठसक्यात आला. "एकही वाया जाऊ दिला नाही. डबीत जपून ठेवलेत."

बुवा फिस्सकन हसले. मग पोट धरून हसले. सुरकुतलेलं अंग खाटेसकट हलायला लागलं. हेरंबची छाती फुगली. या वाक्यावर त्याने फार मेहनत घेतली होती.

नाटक पुढे गेलं होतं.

"थांबव, थांबव. पुढं काय म्हणाला तो?"

"अहो बुवा, तुम्हाला तर पाठ आहे!"

"मला आहे. लोकांना कुठं आहे? मागं घे."

हेरंबने मागे घेतलं. दात शाबूत आहेत ना... डबीत जपून ठेवलेत... बुवा पुन्हा हसले. पहिल्यापेक्षा जास्त, कारण आता येणार हे ठाऊक होतं. आणि पुढचं वाक्य पुन्हा त्या हसण्याखाली गेलं.

"काय म्हणाला?"

पुन्हा मागे. पुन्हा हसू. पुन्हा तेच.

आतून काकूंनी, बुवांच्या पत्नीने, विचारलं, "अहो, तेच तेच काय ऐकू येतंय? बातम्या लागल्या का?"

हेरंबच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो जरा चिडूनच म्हणाला, "बुवा, थोडं हसू आवरा ना. म्हणजे पुढचं ऐकू येईल."

बुवांचं हसू एकदम थांबलं.

मागच्या गल्लीतली सतारही नेमकी तेव्हाच गप्प झाली...

आपण काय बोललो ते हेरंबला तेव्हा ऐकू आलं. विनोदी नाटक ऐकणाऱ्या माणसाला त्याने हसू नका म्हणून सांगितलं होतं.

"स्टुडिओत समोर कुणीच नसतं, बुवा," तो म्हणाला. आवाज खाली आला होता. "काचेपलीकडे एक मनुष्य, तोही कानाला यंत्र लावून बसलेला. थांबायचं ते कुणासाठी?"

बुवा खिडकीबाहेर बघत राहिले.

"तेही जाऊ दे. आपल्या मंडळींना थांबायची खोडच होती. तुम्हीसुद्धा या वाक्याला टोपी काढून झटकत बसायचात. सांगलीत किती वेळ झटकायचात! पुण्यात दोन टिचक्या मारून परत डोक्यावर. मला कधी कळलं नाही, एकाच टोपीवर गावोगावी वेगळी धूळ कशी बसते. मी भूमिका घेतली तेव्हा ती लकब टाकली. लोकांनी नाव ठेवलं नाही."

"नाही ठेवलं," बुवा म्हणाले. "तुझ्या वेळी लोक शहाणे झाले होते. ऐकू यावं म्हणून हसायचे नाहीत."

आपल्या प्रयोगांना लोक शांतपणे ऐकत, याचा हेरंबला आयुष्यभर अभिमान होता. मुलाखतींतही तो ते सांगत असे.

आता रागावून उठावं, की पाय धरावेत? त्याने दोन्ही केलं नाही. फोन काढला, ध्वनिमुद्रणाची खूण दाबली आणि तांबडा ठिपका पेटलेला फोन उशाशी ठेवला.

"बुवा, मला कंपनीला उत्तर द्यायचंय. चांगलं असेल तर चांगलं म्हणा, वाईट असेल तर वाईट. जे म्हणाल ते. पण एकदा म्हणा. मी फार वर्षं वाट बघितली."

बुवांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच.

"उभा राहा."

हेरंब उभा राहिला.

"खुंटीवरची घे."

खुंटीला काळी टोपी होती. त्र्यंबकरावांचीच. आतली पट्टी घामाने करडी पडली होती, बाहेरून मात्र लखलखीत. काकू रोज पुसत असणार. हेरंबने ती डोक्यावर घातली. जरा सैल झाली.

बुवा भिंतीला टेकून ताठ बसले आणि मुलीच्या बापाच्या आवाजात त्यांनी विचारलं, "दात शाबूत आहेत ना आपले?"

"सगळे! एकही वाया जाऊ दिला नाही. डबीत जपून ठेवलेत."

बुवा हसले. आणि स्वयंपाकघरात काहीतरी खणकन पडलं, पाठोपाठ काकूंचं हसू आलं. ज्या बाईने हे नाटक विंगेतून शेकडो वेळा ऐकलं होतं, ती पदराचा बोळा तोंडाला लावून उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच चौकटीला धरून खाली बसली.

पुढचं वाक्य हेरंबच्या जिभेवर तयार होतं. 'आधी मुलगी दाखवा, मग डबी उघडतो.' सवयीने तोंड उघडलं...

त्याने ते मिटलं.

हात कुठे ठेवावेत कळेना. भर उजेडात कुणी नुसतं उभं करून ठेवावं तसं त्याला झालं. वाक्य संपलं की लगेच पुढचं वाक्य धरायचं, आयुष्यभर त्याने हेच केलं होतं. मध्ये एवढी मोकळी जागा असते आणि तिची आपल्याला इतकी भीती वाटते, हे त्याला आज कळत होतं.

हात आपोआप वर गेला. त्याने टोपी काढली. झटकली.

धूळ नव्हतीच. तरी त्याने पुन्हा झटकली. फुंकर मारली. उलटी करून आत पाहिलं. त्यावर काकूंना नव्याने उबळ आली, ती बुवांकडे गेली, बुवांची परत काकूंकडे. हसू ओसरत येई आणि दोघांची नजरानजर होताच पुन्हा चढे. हेरंब टोपी झटकत उभा होता, मोठा गंभीर चेहरा करून, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी येत होतं. त्याला फार बरं वाटत होतं. त्या एका अक्षराची त्याला आठवणही राहिली नव्हती.

उशाशी तांबडा ठिपका जळतच होता.

हसू उतरलं. काकूंनी डोळे पुसले. आता बोलावं, असं हेरंबला वाटलं. टोपी डोक्यावर ठेवून त्याने श्वास घेतला.

बुवांनी पंजा वर केला. त्यांच्या खांद्यांना अजून उचक्या लागत होत्या.

"थांब रे... अजून माझं हसून व्हायचंय."