दाभाडेसाहेबांचा निबंध

विस्तार अधिकारी दाभाडेसाहेबांनी लेखन चाचणीसाठी ‘माझी आई’ हा निबंध स्वतः लिहून चौथीच्या वर्गात आणला. “सगळ्यांनी हाच पाठ करायचा! निकाल घसरला तर जबाबदार तुम्ही, बाई!” मुलांना महिनाभर आपापल्या शब्दांत लिहायला शिकवणाऱ्या कुसाळकरबाईंचा चेहरा पडला. तेवढ्यात इंद्रायणी उभी राहिली.

“साहेब, ही आई कुणाची?”

“माझी!” साहेबांची छाती फुगली.

“मग आम्ही सदतीस जणांनी हीच लिहिली, तर तपासणाऱ्यांना वाटेल, आम्ही सगळी सख्खी भावंडं आणि तुम्ही आमचे थोरले दादा!”

वर्ग खदखदून हसला. साहेब आधी लालबुंद झाले, मग त्यांनाही हसू फुटलं. “तुझी आई काय करते गं?”

“ट्रॅक्टर चालवते.”

“मग तेच लिही,” म्हणत साहेबांनी आपला कागद घडी करून खिशात घातला, आणि बाईंनी लगेच वह्या उघडायला सांगितल्या.