वऱ्हाडाचं इंजिन

ज्यांना पोहोचण्यापेक्षा मिरवण्याची हौस जास्त, त्यांनीच आजवर सगळ्यांचे मुहूर्त चुकवले!

खेळणी आपली लग्नं आपणच लावत, त्या काळची ही गोष्ट. कपाटातल्या एकुलत्या वाफेच्या इंजिनाला कापडी नवरदेवाचं वऱ्हाड पलीकडच्या फळीवर न्यायचं होतं. मुहूर्त दुपारी बाराचा होता. तो चुकला तर मुलीकडचे लग्न मोडायला तयारच बसले होते.

"अशा अवतारात वऱ्हाड नेऊ?" इंजिन म्हणालं. मग पक्कडमामांनी त्याला पितळी धुराडं लावलं, दुसरी शिट्टी लावली, चार कंदील टांगले आणि वर घुमट बसवला. इंजिन इतकं जड झालं की जागचं हलेना.

"मामा, घुमट तरी काढा," नवरदेवाला पोटात घेऊन बसलेला पहिला डबा काकुळतीने म्हणाला.

"आणि शोभा घालवू?" मामा खेकसले. "वजनच कमी करायचंय ना?" त्यांनी खटाखट सगळे डबे सोडवले.

बाराच्या ठोक्याला इंजिन दिमाखात मांडवात शिरलं. सनई वाजली, अक्षता उडाल्या. अंतरपाट धरलेली पत्र्याची कोंबडी तेवढी वाकून इंजिनाच्या मागे बघत होती.

"इंजिन झकास आहे हो," ती म्हणाली. "नवरदेव मागच्या गाडीने येतायत का?"