म्हाळसाची वाटी

"जीभ नाही, त्याला जागा नाही!" मेरंग बेटाचा राजा कुलांग भर दरबारात गरजला. मग तो बराच वेळ गरजतच राहिला. म्हाळसाला त्यातलं अक्षरही कळलं नाही. गलबताचा नाखवा कासम तांडेल दुभाष्याचंही काम करी; त्याने ते सगळं एका दमात उरकलं.

"बाय, राजा म्हणतो, गलबतात बस आणि घरी जा."

 म्हाळसाचा नवरा बहिरू पैठणचा विणकर. राणीची वस्त्रं विणायला म्हणून त्याला मुद्दाम समुद्रापलीकडून आणवलं होतं. राजवाड्यात राबून तो चार शब्द शिकला. म्हाळसाचा दिवस मात्र चूल, पाणी आणि सूत उकलण्यातच जाई. शब्द शिकायचे कुणाकडून, रांजणाकडून? आणि परत तरी कुठे जायचं? पैठणात बहिरूच्या भावांनी मागाच्या जागेवर केव्हाच गोठा बांधला होता!

"तांडेलमामा, राजाला विचारा, माझ्या हातून गुन्हा काय झाला?"

राजा म्हणाला, "गुन्हा नाही, पण भरवसाही नाही. माझी माणसं परक्याला दार उघडत नाहीत. जिला आमची भाषा बोलता येत नाही, ती इथं जगणार कशी?"

"जगतेच आहे की महाराज!"

हे ऐकून राजा इरेला पेटला. "असं? मग उद्या सूर्य मावळायच्या आत मला आमच्या पद्धतीचं जेवण वाढ. त्यातला प्रत्येक जिन्नस माझ्या प्रजेच्या घरातून आलेला हवा. विकत घ्यायचा नाही. मागायचा नाही. दुभाष्या बरोबर न्यायचा नाही. आणि लोकांपुढे तोंडातून शब्द काढायचा नाही. आमचा तुला येत नाही आणि तुझा आम्हाला नको!"

दरबारी खो खो हसले. बहिरूने कपाळाला हात लावला.

घरी आल्यावर म्हाळसाने पदर खोचला आणि फडताळ उघडलं. तीळ, गूळ, भाजणी, गावाहून जिवापाड जपून आणलेलं सगळं तिने खाली काढलं. तिळाचे लाडू वळले, कडबोळी तळली. मग घरातली होती नव्हती तेवढी भांडी मांडली. वाट्या, पेले, डबे, तांब्या, सगळ्यांवर ठोकून ठोकून नाव घातलेलं होतं, 'सौ. म्हाळसा'. सगळं तिने काठोकाठ भरलं.

"अगं, हे काय मांडलंस?" बहिरू ओरडला. "राजाने आणायला सांगितलंय, वाटायला नाही!"

"अवो, तुम्ही सूत बघा. हे माझं काम आहे."

सकाळी ती दारोदार गेली. दार जेमतेम फटीएवढं उघडे. म्हाळसा हसे, भरलं भांडं उंबऱ्यावर ठेवी आणि चालू लागे. दुपारपर्यंत घरात पाणी प्यायला पेला उरला नाही.

दुपार कलली. कुणीही आलं नाही. बहिरू सामान बांधू लागला. "लाडूही गेले, भांडीही गेली! आता गलबतात ओंजळीने पाणी पी!"

म्हाळसा पुन्हा पुन्हा दारात जाऊन रस्त्याकडे पाही. तिचा सगळा भरवसा एका गोष्टीवर होता. शेजारच्या म्हातारीने पहिल्या आठवड्यात तिला थाळीभर केळी दिली होती. थाळी रिकामी कशी द्यायची, म्हणून म्हाळसाने तीत लाडू घालून दिले. तर म्हातारीने ते पाहून दुसऱ्या दिवशी फणसाचे गरे आणले! तेव्हापासून ती थाळी मागावरच्या धोट्यासारखी दोन्ही घरांत फिरत होती. पण एक म्हातारी म्हणजे अख्खं गाव थोडंच?

तेवढ्यात कडी वाजली. म्हातारीच होती! डब्यात तांदूळ होते. तिच्यामागे एक बाई पेलाभर नारळाचं दूध घेऊन उभी, तिच्यामागे मासळीवाली, तिच्यामागे आणखी कितीतरी. भांड्यावरचं नाव एकीलाही वाचता येत नव्हतं, पण भांडं कुणाचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. रिकामं भांडं परत द्यायला एकीचाही हात धजला नव्हता. म्हातारीने तर चुलीशी बसकण मारली आणि मासळी कशी शिजवायची ते हाताला धरून दाखवलं.

सूर्य मावळायच्या आत राजापुढे पान मांडलं गेलं, शेजारी म्हाळसाच्या वाटीत मासळीचं कालवण. राजाने बोटं चाटूनपुसून खाल्लं आणि मग डोळे वटारले.

"तू भीक मागितलीस!"

"भीक मागणारा रिकामं भांडं नेतो, महाराज. मी भरलेलं नेलं."

"मग हा सौदा झाला!"

"सौद्यात आधी भाव ठरतो. मी तर मागे वळूनही पाहिलं नाही."

राणी गालात हसली. राजा आणखी चिडला. "काही असो! जीभ नाही ती नाहीच! गलबत उद्या सुटेल!"

तांडेलाने मान खाली घालून ते सांगितलं. म्हाळसाचे डोळे भरून आले, पण तिने कमरेतून वाकून नमस्कार केला. "जशी आज्ञा. तेवढी माझी कालवणाची वाटी द्या, म्हणजे निघते."

राजाने वाटी पुढे केली. म्हाळसाने ती घेतली, आत पाहिलं, उलटी करून पाहिली, पुन्हा आत पाहिलं.  दरबारातल्या बायका एकदम कुजबुजल्या. राणीने राजाकडे असं पाहिलं की राजा सिंहासनावर सावरून बसला!

"काय झालं?"

"काही नाही, महाराज. तुमच्या राज्यातल्या गरिबातल्या गरीब बाईनेही माझं भांडं रिकामं परत दिलं नाही. तुम्ही राजे आहात, तुमची रीत वेगळी असेल."

राजा कानापर्यंत लाल झाला. "बरं, बरं! काय घालू वाटीत? सोनं? मोती?"

"मूठभर माती घाला."

"माती?"

"चूल मांडण्यापुरती. इथलीच!"

 राजाने एकदा वाटीकडे पाहिलं, एकदा राणीकडे पाहिलं आणि एवढ्या मोठ्याने हसला की त्याचा मुकुट कानावर आला. "घरही दिलं! मागाला जागाही दिली! आणा रे माती! माझ्या चांदीच्या परातीत आणा!"

परात आली. म्हाळसाने ती डोक्यावर घेतली आणि दारापर्यंत जाऊन मागे वळली.

"तांडेलमामा, महाराजांना सांगा, परात उद्या आणून देते. रिकामी नाही हो आणायची!"

"अरे देवा!" राजा हसता हसता ओरडला. "म्हणजे परवा मी पुन्हा काय भरायचं?"