काळा पडलेला प्लग

गाड्यांचे पार्ट एकमेकांशी बोलायचे, तेव्हाची गोष्ट. एका मोटारसायकलचा इंजिनाची उष्णता सांगणारा सेन्सर बिघडला. इंजिन कितीही तापलं तरी तो एकच सांगे, "अजून गारच आहे."

ते ऐकून इंजिनाला पेट्रोल पाजणाऱ्या इंजेक्टरचा जीव कळवळे आणि तो जास्तीचं पेट्रोल सोडत राही.

"अरे, बास कर!" स्पार्क प्लग ओरडे. "मी भिजून काळा पडलोय. मला पेटता येईना."

"गार इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं. गारठलेल्याला उपाशी कसं ठेवू?" इंजेक्टर म्हणे.

गाडी काळा धूर ओकू लागली, तेव्हा मालकाने ती रज्जाक मिस्त्रींकडे नेली. त्यांनी प्लग काढला. "बघा, कसा काळाठिक्कर पडलाय! हाच चोर," म्हणत त्यांनी तो भंगाराच्या डब्यात फेकला आणि नवा बसवला.

थोड्याच दिवसांत नवाही काळा पडला. आता मात्र मिस्त्रींनी तपासणीचं मशीन लावून पाहिलं. "इंजिनाला हात लावला तर चटका बसतोय, आणि हा सेन्सर गार म्हणतोय!"

त्यांनी सेन्सर बदलला आणि प्लग नुसता पुसून परत लावला. गाडी झकास चालू लागली.

"माझा पहिला सोबती कुठे आहे?" इंजेक्टरने विचारलं. "तोही पुसला की पेटेल."

भंगारवाला डबा केव्हाच घेऊन गेला होता.