लोखंडी दांड्याची कुदळ

"आन् ही मोडली तर?"

"मोडायचीच न्हाई, बुवा!"

"तरीपण..."

"अवं, न्हाई म्हंतो न्हवं!" दौलतीनं कुदळ पायरीवर अशी आपटली, की उन्हाला झोपलेली मांजर उडूनच गेली.

केशरगिरी बुवा गालात हसले. दोडक्याच्या शिरा काढत बसले हुते, तसेच बसले.

मठ डोंगराच्या पायथ्याला. जमीन म्हणाल तर वीतभर माती आन् खाली नुसती धोंडं. त्यातच बुवांनी मोगरा फुलवला, वांगी लावली, वेल चढवले. आन् दौलती त्या बागेत राबायला म्हणून ऱ्हायला. शिष्य व्हायचं हुतं त्येला. माणूस मनाचा सोनं, डोक्यानं मातूर जाळ. वाफ्यात एखादी मुळी अडली की झालं! कुदळ आत घालायची आन् पहारीसारखी उचकटायची. खणायच्या हत्याराला उचकटायला लावल्यावर ते बिचारं काय करणार? दांडा कडाड! एक मोडला, दुसरा मोडला. तिसरा तर गड्यानं रागानं सोताच दगडावर हाणला.

आज बाजाराचा दिवस. सकाळी बुवा म्हणाले हुते, "कुदळ तूच निवडून आण. टिकाऊ बघ. आन् ती बी मोडलीस, तर घरची वाट धर."

बोलले साधंच. पण दौलती ते बाजारापातूर घोकत गेला. घरी भावांशी तोंडाला तोंड देऊन आलेला. तिकडं जायचं तर मान खाली घालून जावं लागणार. पण ते ऱ्हाऊ द्या. खरं म्हंजी त्येला बुवांना सोडून जायचंच न्हवतं. ह्येनं आवाज चढवला की सगळं जग वर आवाज चढवायचं. बुवा तेवढे चढवत न्हवते.

"पारखलीस कशी?" बुवांनी इचारलं.

"पत्र्याच्या पातीच्या हुत्या, त्या आधी बाजूला सारल्या. ही बघा, ठोकून घडवलेली पात. वाजवून घेतली. चिरलेली असती तर बद्द बोलली असती. आन् दांडा बघा! लोखंडी नळी! पातीला सांधूनच टाकलाय. मी आडवी टाकून वर उभा ऱ्हायलो."

"दुकानदार काय म्हणाला?"

"शिव्या देत हुता."

"आन् तू?"

"... मी काय ऐकून घेतो व्हय?"

असलं गिऱ्हाईक लांबून येताना दिसलं, की दुकानदारानं फळ्या लावून घ्याव्यात.

बुवांनी कुदळ उचलली. हातात तोलली. खाली ठेवली.

"म्हंजी हिच्यात मोडण्यासारखं काईच न्हाई."

"काईच न्हाई!"

"अरेरे..." बुवा म्हणाले.

झालं. पेटला गडी. "अरेरे काय? टिकाऊ आण म्हणालात, टिकाऊ आणली! आता अरेरे?"

"तिकडं कढीपत्त्याला खड्डा पायजे. खण बरं."

दौलती तरातरा गेला. पहिले घाव झकास बसले. माती लोण्यासारखी निघाली. त्येनं वळून बुवांकडं बघितलं, बघा म्हणून. आन् पुढचा घाव... टणकन धोंड्यावर!

मुंग्या पार दातापातूर गेल्या.

शहाणा असता तर थांबला असता. ह्येनं धोंड्याला एक शिवी घातली आन् दुप्पट जोरानं त्याच जागी हाणली.

आता मनगट फिरलं. दौलती मटकन खाली बसला. कुदळ शेजारी पडलेली. तिला ओरखडासुदिक न्हाई.

"मोडली न्हाई!" दौलती ओरडला. डोळ्यांत पाणी, पण ओरडला. "बुवा, बघा! मोडली न्हाई!"

बुवा आले. तेल कोमट करून आणलं. मनगट मांडीवर घेतलं.

"दुखतंय?"

"न्हाई."

बुवांनी जरा दाबलं.

"आयाया! अवं बुवा, जीव घेता का?"

"मघाशी न्हाई म्हणालास..."

हळूहळू चोळत ऱ्हायले. मग इचारलं, "लाकडी दांडा असता तर काय झालं असतं?"

"मोडला असता."

"आन् हात?"

"... हाताला काय झालं नसतं."

"मग?"

दौलती खाली बघत बसला. मातीत बोट फिरवलं.

"मग तुमी मला घरी धाडलं असतं."

बुवांचा हात थांबला.

"लाकडी बी हुती दुकानात," दौलती म्हणाला. "बाभळीचा दांडा. रेषा सरळ, एक गाठ न्हाई. हातात घेतली, तर खाली ठेववंना. मला काय कळत न्हाई व्हय? पर ती मी मोडणार. माझं मला ठावं हाय."

बुवांनी शेजारी पडलेल्या लोखंडी कुदळीकडं बघितलं.

"म्हणून ही आणली."

बुवांनी तेलाचे हात पुसले. आपल्या पंच्याची पट्टी फाडली. मनगट घट्ट बांधलं. मग उठून आत गेले. चुलीच्या वर, धुरात वाळत ठेवलेली लाकडं असतात, तिथं खुडखुड करायला लागले. दौलती बाहेर एकटा. आता बोचकं बांधायचं का काय, ह्याच इचारात.

बुवा बाहेर आले. हातात बाभळीचं एक सरळसोट लाकूड. धुरानं काळं पडलेलं. दौलतीच्या मांडीवर ठेवलं.

"पुढच्या बाजाराला ही लोखंडी परत कर. ती लाकडी घेऊन ये."

"दुकानदार मारंल मला!"

"खा मार. शिव्या दिल्यास न्हवं?"

दौलतीनं नाक पुसलं. लाकूड वर-खाली फिरवून बघितलं. उजेडाकडं धरून रेषा बघितली.

"आन् ह्ये कशाला, बुवा? तिला दांडा हाय की."

बुवा खड्ड्यातला धोंडा हलतोय का बघत हुते. वर न बघताच म्हणाले,

"हात बरा झाला की तासून ठेव. तू मोडशील तवा लागंल की, लेका."