तीन थैल्या आणि न मोडलेली भाकरी

एका राज्यात भाकरी मोडायची नाही, अशी रीत होती. भाकरीचा तुकडा केला की घराचे छप्पर कोसळते, अशी लोकांची समजूत. म्हणून पहिलवानाला परातीएवढी, बाळाला बशीएवढी, आणि ज्याने त्याने आपली अख्खी भाकरी गुंडाळून दातांनी खावी. अवचित आलेल्या पाहुण्याची मात्र पंचाईत होई.

एके दिवशी राजा धीरसेन जेवायला बसला. पानात एकच भाकरी उरली होती. तोच दारी एक गोसावी आला.

"महाराज, भूक लागली आहे."

"अख्खी दिली तर मी उपाशी, अर्धी द्यावी तर रीत मोडते. पुढच्या दारी जा, बाबा."

तो गोसावी म्हणजे मायावी भृंगनाथ. त्याने दंड आपटला आणि राजाचे पाय गुडघ्यापर्यंत दगडाचे झाले. मग त्याने झोळीतून भलामोठा तराजू काढला. डाव्या पारड्यात तीन शिवलेल्या थैल्या आणि दोन भाकऱ्या, उजव्यात चार भाकऱ्या. दांडी अगदी सरळ. दांडीवर बसलेली साळुंकी बोलू लागली.

"भाकऱ्या साऱ्या सारख्या. थैल्यांना स्वतःचे वजन नाही, पण तिन्हींत भाकरी सारखीच आहे. एका थैलीत किती, ते थैली न उघडता सांगा. तीन उत्तरे ऐकीन. चुकाल तसा दगड वर चढेल."

प्रधान घाईने म्हणाला, "एक."

"मग डावीकडे पाच झाल्या असत्या," साळुंकी म्हणाली. दगड राजाच्या कमरेला आला.

सेनापती म्हणाला, "शून्य. थैल्या फुगवलेल्या आहेत."

"मग डावीकडे दोनच." दगड गळ्याशी आला.

"एकाहून कमी आणि शून्याहून जास्त? अशी संख्याच नसते," प्रधान कुरकुरला. त्या राज्यात कोणी ती पाहिलीच नव्हती, त्याला तरी काय बोल लावावा.

आता राजकन्या कनकलेखा पुढे झाली. बापाच्या कपाळावरचा घाम तिने पुसला. तिला फार भीती वाटत होती. तिने डाव्या पारड्यातल्या दोन भाकऱ्या उचलल्या, उजव्यातल्याही दोन उचलल्या. दांडी सरळच राहिली.

"आता तीन थैल्या म्हणजे दोन भाकऱ्या," ती म्हणाली आणि तिने उजव्या पारड्यातल्या भाकरीला हात घातला.

"लेकी, रीत," दगडातून राजा पुटपुटला.

"तात, रीत राखली तर तुम्ही राहत नाही."

दरबाराने डोळे मिटले. तिने दोन्ही भाकऱ्यांचे तीन-तीन सारखे तुकडे केले आणि प्रत्येक थैलीसमोर दोन-दोन ठेवले. "एका थैलीत दोन तृतीयांश भाकरी."

"तिप्पट केली की दोन, दोन मिळवल्या की चार," साळुंकी आनंदाने म्हणाली. थैल्यांची शिवण आपोआप उसवली. आत तितकीच भाकरी होती. राजाच्या अंगावरून दगड गळून पडला. सगळे छपराकडे बघत राहिले, पण छप्पर जागचे हलले नाही.

राजा आपल्या गार झालेल्या पानावर पुन्हा बसला, शेजारी भृंगनाथाला बसवले आणि भाकरी मोडली. हाताला सवय नव्हती, तुकडे वाकडेतिकडे झाले. मोठा तुकडा त्याने भृंगनाथाच्या हातावर ठेवला.

"महाराज, हे बरोबर अर्धे नाही," भृंगनाथ म्हणाला.

"नाहीच," राजा म्हणाला. "पाहुणे तुम्ही आहात."