रणबाची टाळी

फार मागं, बाहुल्या आपल्या आपण हिंडायच्या-बोलायच्या, त्या काळची गोष्ट. जत्रेत लाकडी रणबा लाकडी राक्षसाला लोळवायचा आणि लोक टाळ्या पिटायचे. ज्याला टाळी नाही, त्या बाहुल्याला डोहात सोडायची रीत होती.

पुढं लोक जांभया देऊ लागले. "मेला जिंकणारच, ठाऊक आहे." मग रणबा उडाला, दहा राक्षसांना भिडला. नंतर लोक म्हणाले, "याला लागत कसं नाही?" तेव्हा तो लंगडला, रडलासुद्धा. तेही चार दिवसच गोड लागलं.

शेवटी राक्षसच कानाशी लागला, "रणबा, आज तू मर. नाहीतर डोह आहेच."

रणबा पडला. टाळी वाजली नाही. सगळी जत्रा मुकाट उठली, पुढं सरकली, त्याच्यावर वाकली. एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "अगं, मेलाय कुठला, हा तर अजून श्वास घेतोय."